नवे फिंच घरात आले की: पहिल्या ३० दिवसांची देखरेख

खोक्याचं तोंड उघडलं की नवी जोडी भुर्रकन पिंजऱ्यात शिरते, दांडीवर बसून पिसं झटकते, आणि झेब्रा जातीचे फिंच असतील तर पाच-दहा मिनिटांत नर आपली पिपाणीसारखी हाकही द्यायला लागतो. ते पाहून कुणालाही वाटतं, पक्षी ठणठणीत आहेत, वेगळं कशाला ठेवायचं, सोडून देऊ जुन्यांच्यात. नवशिक्यांचं सगळ्यात मोठं नुकसान या दहा मिनिटांत होतं.

फिंच हा दाणे खाणारा चिमुकला, शिकार होणारा पक्षी. थव्यात जो मलूल दिसतो त्याच्यावर पहिली झडप पडते, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या अंगातच मुरलेलं असतं. अनोळखी जागी, अनोळखी माणसासमोर तर तो उरलंसुरलं बळ गोळा करून ताठ बसतो. तो आजारी आहे हे आपल्या ध्यानात येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. बारा-तेरा ग्रॅमच्या देहात साठा तो किती असणार? एक दिवस पोटात दाणा गेला नाही तरी जिवावर बेततं.

सुरुवातीच्या काळात मी एक बेंगलीज जोडी अशीच थेट गोल्डियनांच्या (या दोन्ही फिंचच्याच जाती) मोठ्या पिंजऱ्यात सोडली होती. बेंगलीज शेवटपर्यंत मजेत राहिली. गोल्डियनांची पिल्लं मात्र घरट्याबाहेर आल्यावर एकेक करून वाळत गेली. डॉक्टरांनी ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा त्यात कॉक्लोसोमा नावाचे परजीवी वळवळताना दिसले. बेंगलीज हा परजीवी आतड्यात बाळगून काहीही त्रास न होता जगू शकतात, पण गोल्डियनांच्या पिल्लांना तो मारतो. ती पिल्लं गेली ती माझ्या घाईमुळे, हे मी अजून विसरलेलो नाही. त्या दिवसापासून एक गोष्ट मनाशी पक्की आहे: विलगीकरण हे आजारी दिसणाऱ्या पक्ष्यांसाठी नसतं, कारण आजारी दिसणारा पक्षी कुणी घरी आणतच नाही. ते असतं निरोगी दिसणाऱ्यांसाठी. म्हणून नुसता वेगळा पिंजरा पुरत नाही. त्या दिवसांत रोज नीट पाहावं लागतं, आणि जे डोळ्यांना दिसत नाही ते तपासून घ्यावं लागतं.

पक्षी आणण्याआधी

आधी डॉक्टर शोधा. हे पहिलं काम आहे, शेवटचं नाही. कुत्र्या-मांजरांवर उत्तम उपचार करणाऱ्या सगळ्यांनाच इवल्याशा पक्ष्याची सवय असते असं नाही. फोन करून सरळ विचारा: तुम्ही छोटे पक्षी तपासता का, विष्ठेची तपासणी तिथल्या तिथे होते का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर नंबर लिहून भिंतीवर लावा.

मग खोली. जुन्या पक्ष्यांची हवा आणि नव्यांची हवा एक होता कामा नये, एवढं सूत्र धरून चाला. फिंच सतत पिसं झटकतात, टरफलं उडवतात, वाळलेल्या विष्ठेची धूळ पंख्याच्या वाऱ्याने पसरते. त्यामुळे दार बंद करता येईल अशी स्वतंत्र खोली हवी. एकाच खोलीत दोन टोकांना दोन पिंजरे ठेवणं हे अर्धंमुर्धं विलगीकरण झालं, आणि अर्ध्यामुर्ध्याचा भरवसा धरू नये. खोली नसेलच तर ज्यांच्या घरी एकही पक्षी नाही अशा विश्वासू माणसाकडे महिनाभर सोय होते का बघा. तेही जमत नसेल तर पक्षी आणणं पुढे ढकला. हे ऐकायला कडक वाटेल, पण जुन्या पक्ष्यांचा जीव आपण आधीच पत्करलेला असतो.

स्वयंपाकघर मात्र टाळाच. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो, आणि आपल्याला त्याचा वासही येत नाही. धूर, सुगंधी फवारे, रंगाचा वास, हे सगळं नव्या पक्ष्याच्या खोलीपासून लांब. खिडकीला जाळी हवी, कारण पक्ष्यांची देवी डासांमार्फत पसरते आणि बाहेरचे पक्षी खिडकीत येऊन बसले तर त्यांचेही आजार आत येतात.

पिंजरा साधा घ्या, निदान ६० सेंटीमीटर लांब. फिंच आडवे उडतात, उंच आणि अरुंद पिंजरा त्यांच्या कामाचा नाही. तारांमधलं अंतर सेंटीमीटरभर, त्याहून फार जास्त नको. आत दोन-तीन दांड्या, दाण्याची भांडी, पाणी, समुद्रफेसाचा तुकडा, बस्स. झुले, दोऱ्या, खोटी पानं काही नको. जे घासून धुता येत नाही किंवा महिन्याच्या शेवटी फेकून देता येत नाही ते आत जाऊ देऊ नका. घरटं तर अजिबात नको. झेब्रा आणि बेंगलीज घरटं दिसलं की अंडी घालायच्या मागे लागतात, आणि प्रवासाने दमलेल्या मादीचं अंडं अडकलं तर ती हातची जाते.

तळाला पांढरा कोरा कागद. वर्तमानपत्रही चालतं, पण छापील अक्षरांवर विष्ठेचा रंग नीट कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात आपला सगळ्यात जास्त संवाद त्या कागदाशीच होणार आहे.

या पिंजऱ्याची भांडी, ब्रश, पक्षी धरायची जाळी, दाण्याचा डबा, सगळं वेगळं. मी प्रत्येक वस्तूला लाल चिकटपट्टी लावतो. घरातल्या दुसऱ्या कुणी मदत म्हणून भांडी धुतली तरी लाल पट्टीचं भांडं कुठे जातं हे विचारावं लागत नाही.

पहिला दिवस

शक्यतो सकाळी आणा. पक्ष्याला नवी जागा बघायला, दाणा-पाणी शोधायला पूर्ण दिवस मिळतो. संध्याकाळी यावं लागलं तर रात्री निदान दोन तास खोलीतला दिवा चालू ठेवा आणि ते खाताना दिसल्याशिवाय मालवू नका. नंतर एक मंद दिवा रात्रभर असू द्या. अनोळखी अंधारात एखादा आवाज झाला की फिंच बिथरून तारांवर आदळतात.

पाणी दोन प्रकारे ठेवा: नेहमीची नळी, आणि एक उथळ उघडी वाटी. पक्ष्याला नळीतून प्यायची सवय आहे असं आपण गृहीत धरतो आणि तो पाण्यासमोर तहानलेला बसतो. दाण्याचंही तसंच. भांड्यात ठेवाच, पण थोडे दाणे तळाच्या कागदावरही पसरा. भांडं म्हणजे काय ते न कळलेला पक्षीसुद्धा जमिनीवरचा दाणा टिपतो. पहिल्या आठवड्यात आधीच्या घरी जे खात होते तेच द्या, म्हणून आणतानाच थोडा दाणा मागून घ्या. राळ्याचं मिश्रण बदलायचं असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून हळूहळू.

आणि टरफलांकडे लक्ष ठेवा. यावर मी जरा रेंगाळतो, कारण निरोगी फिंच आजारापेक्षा भुकेने मरतात ते याच चुकीमुळे. फिंच दाणा चोचीत फिरवून सोलतो, आतला गर खातो आणि साल परत भांड्यातच टाकतो. दोन दिवसांनी भांडं काठोकाठ भरलेलं दिसतं, पण ते सगळं टरफल असतं. भांडं हातात घेऊन वरून हलकी फुंकर मारा. टरफलं उडून गेल्यावर खाली किती दाणा उरतो ते बघा. रोज सकाळी ही फुंकर मारायची, पिंजऱ्यापासून लांब, नव्या पक्ष्यांच्या खोलीतच.

एकच पक्षी आणू नका, शक्यतो दोघं आणा. फिंचला एकटेपणा सोसत नाही. एकटा पक्षी खाणं कमी करतो, आणि मग तो आजारी आहे की उदास, हे कळायला मार्ग राहत नाही. एकच आणावा लागला तर बंद दाराआडून जुन्या पक्ष्यांचे आवाज त्याच्या कानावर पडू द्या. आवाजातून आजार पसरत नाही, आणि त्याला धीर येतो.

पहिल्या दिवशी पकडापकड करू नका. तोलणं, तपासणं, सगळं उद्या-परवा.

रोजची पाहणी

खोलीत शिरण्याआधी दारातूनच बघा. तुम्ही जवळ गेलात की पक्षी सावध होतो आणि दुखणं झाकतो. तुम्ही आलात हे त्याला कळायच्या आधीचा अर्धा मिनिट सगळ्यात खरा असतो. भर दिवसा पिसं फुगवून, डोळे मिटून, दोन्ही पायांवर बसलेला फिंच ही काळजीची गोष्ट आहे. निरोगी पक्षी दुपारी डुलकी घेतो, पण बहुधा एका पायावर, आणि चाहूल लागताच टक्क जागा होतो. जो तळाला कोपऱ्यात बसलाय, जो दाण्याच्या भांड्यातच ठाण मांडून आहे, जो मान वाकडी करून वर बघत राहतो, त्याची नोंद लगेच करा आणि डॉक्टरांना फोन करा.

मग शेपटी बघा. दांडीवर शांत बसलेल्या पक्ष्याची शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली हलत असेल तर त्याला श्वास ओढायला कष्ट पडताहेत. पिंजऱ्यात दोन-चार फेऱ्या उडाल्यावर निरोगी फिंच दोनेक मिनिटांत चोच मिटून शांत होतो. त्यानंतरही चोच उघडीच राहिली तर श्वासाचा काहीतरी त्रास आहे.

श्वासनळीतले माइट हे फिंचांमधलं, त्यातही गोल्डियनांमधलं, फार नेहमीचं दुखणं आहे. स्टर्नोस्टोमा नावाचे हे बारीक किडे श्वासनळीत आणि हवेच्या पिशव्यांत राहतात. आईबाप पिल्लांना भरवताना ते पिल्लांच्या गळ्यात जातात, त्यामुळे घरात जन्मलेला पक्षीही त्यातून सुटतोच असं नाही. लक्षणं डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतात. रात्री दिवा मालवून, पक्षी निजल्यावर, पिंजऱ्याजवळ कान नेऊन पाच मिनिटं निश्चल बसा. निरोगी फिंच झोपेत जवळजवळ आवाज करत नाही. माइट असलेल्याच्या श्वासात बारीक टक् टक् ऐकू येतं, नखाने कागद टिचवल्यासारखं. दिवसा तोच पक्षी चोच दांडीवर सारखी पुसताना, शिंकताना, गाणं अर्ध्यावर सोडताना दिसतो. पहिल्या आठवड्यात निदान तीन रात्री असं कान देऊन बसा.

आता कागद. रोज सकाळी जुना काढायचा, नवा घालायचा, आणि जुना फेकण्याआधी उजेडात धरून वाचायचा. निरोगी फिंचची विष्ठा छोटीशी, वळलेली असते: घट्ट हिरवट-तपकिरी भाग, त्यावर पांढरी टोपी, भोवती किंचित ओल. आल्या दिवशी भीतीने ती पातळ होते, हिरवी भाजी दिली की पाणी वाढतं, त्याने घाबरू नका. पण तिसऱ्या दिवशीही पातळच असेल तर मनावर घ्या. थोडीशी, गडद हिरवी विष्ठा म्हणजे पक्षी खात नाहीये, भले तो भांड्यापाशी बसून चोच चालवत असेल. विष्ठेत अख्खे, न पचलेले दाणे दिसले तर पोटाच्या बुरशीची शंका घ्या. पक्षी अधाशासारखा खातो आणि तरी वाळत जातो. फिकट पिवळी, फुगीर विष्ठा कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूकडे बोट दाखवते. रक्ताचा अंश दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर.

कागद रोज बदलायला आणखी एक कारण आहे. कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची अंडीसदृश पुटी विष्ठेतून बाहेर पडते, पण बाहेर पडल्या पडल्या ती रोग लावू शकत नाही. तिला तयार व्हायला ओलावा आणि एखाद-दोन दिवस लागतात. त्याआधी कागद कचऱ्यात गेला तर पक्षी स्वतःच्याच विष्ठेतून पुन्हा पुन्हा आजारी पडत नाही. म्हणूनच तळाची जागा कोरडी ठेवणं आणि दाण्याची भांडी दांडीच्या बरोबर खाली न येऊ देणं याला एवढं महत्त्व आहे.

तोलणं आणि हातात धरून बघणं

दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. झेब्रा साधारण १२ ते १५ ग्रॅमचा. तेरा ग्रॅमच्या पक्ष्याचा एक ग्रॅम कमी होणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं साडेचार किलो वजन उतरणं. पिसं फुगलेल्या फिंचला बघून कुणालाही हे कळणार नाही, काट्यालाच कळतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पहिलं वजन, मग आठवड्यातून दोनदा, शक्यतो एकाच वेळी. एक-दशांशाहून जास्त घट दिसली की पुढच्या वजनाची वाट बघू नका.

पकडायची रीत अशी. जाळीने किंवा हाताने पिंजऱ्यात पाठलाग करू नका. पक्षी कुठे बसलाय ते बघा, खोलीचा दिवा मालवा, अंधारात हात घालून अलगद उचला. अंधारात फिंच जागचे हलत नाहीत. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळव्याला टेकलेली, बाकीची बोटं अंगाभोवती नुसती लागलेली. छातीवर दाब अजिबात नको. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. घट्ट मूठ आवळली तर हातातच गुदमरतो. हे सगळं एका मिनिटात आटपा.

त्या मिनिटात पोटावरच्या पिसांवर फुंकर मारा. पिसं बाजूला झाली की छातीचं हाड दिसतं. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर उत्तम. हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं असेल तर पक्षी बरेच दिवस खंगतोय, कालपरवाचं नव्हे. शेपटीखालची पिसं स्वच्छ हवीत. पायांवर खवले जाड, खडबडीत, भुरकट झालेले असतील तर खवल्यांचे माइट. नाकपुड्यांभोवती ओल, डोळ्याच्या कडेला सूज, चोचीच्या कोपऱ्यात पांढरट थर, हेही बघून घ्या. पायात कडं असेल तर त्याचा क्रमांक वहीत लिहा.

लाल माइट मात्र पक्ष्यावर दिवसा सापडत नाहीत. ते दिवसभर पिंजऱ्याच्या सांध्यांत, दांडीच्या टोकाच्या फटीत दबून असतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. रात्री पांढरं कापड दांडीच्या टोकावरून फिरवा. त्यावर राखाडी धुळीसारखे ठिपके चिकटले, आणि चुरडल्यावर लाल रेघ उमटली, तर तेच. अनुकूल हवेत आठवड्याभरात त्यांची एक पिढी तयार होते, आणि पक्षी नसलेल्या पिंजऱ्यातही ते महिनोन्महिने तग धरतात. जुना वापरलेला पिंजरा घेतलात तर त्यालाही विलगीकरण लागू आहे.

विष्ठेची तपासणी, दोनदा

पहिली दुसऱ्या आठवड्यात, दुसरी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. एकदा स्वच्छ निघाली म्हणून समाधान मानू नका, कारण परजीवी रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत. फिंचांमधल्या कॉक्सिडियाची तर ठराविक वेळ असते: पुट्या मुख्यतः दुपार कलल्यावर बाहेर पडतात. सकाळचा नमुना नेला तर अहवाल स्वच्छ येऊ शकतो आणि पक्षी आजारी असू शकतो. म्हणून दुपारनंतर पिंजऱ्यात गुळगुळीत कागद अंथरा, संध्याकाळपर्यंत पडेल ते सुकायच्या आत छोट्या डबीत घ्या. दोन-तीन दिवसांचं एकत्र दिलंत तर आणखी बरं. मधल्या काळात फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

कॉक्लोसोमासारखे हलणारे परजीवी मात्र थंड झालेल्या नमुन्यात सापडत नाहीत, ते मरून जातात. त्यांच्यासाठी पक्षीच घेऊन जावं, म्हणजे डॉक्टर तिथल्या तिथे ताजा नमुना बघू शकतात. बेंगलीज आणि गोल्डियन एका घरात ठेवणार असाल तर ही तपासणी आवर्जून मागा.

श्वासनळीतले माइट बघायला डॉक्टर अंधाऱ्या खोलीत गळ्याची पिसं ओली करून मागून बारीक उजेड टाकतात. किडे असतील तर काळे ठिपके दिसतात. हे घरी करून बघू नका, श्वासाचा त्रास असलेला पक्षी त्या धरपकडीतच जाऊ शकतो.

औषधांबद्दल माझं मत ठाम आहे. पक्षी आला की पाण्यात अँटिबायोटिक घालायचं, काळजी नको, असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांचं ऐकू नका. कॉक्सिडिया किंवा माइटवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. पोटाच्या ज्या दुखण्याला मेगाबॅक्टेरिया म्हणतात ती नाव काहीही असलं तरी बुरशी आहे, तिच्यावरही ते चालत नाही. उलट इतर जंतू अर्धवट दबतात, लक्षणं झाकली जातात, आणि आपण ज्यासाठी महिनाभर थांबलो तेच दिसेनासं होतं. माइटवरचं आयव्हरमेक्टिन चांगलं औषध आहे, पण मोठ्या जनावरांसाठीचं द्रावण अंदाजाने एक थेंब दिलं तर तेरा ग्रॅमच्या जिवाला विष ठरतं. नेमकी मात्रा डॉक्टरांनी काढावी.

नव्या पक्ष्याशेजारी एक स्वस्तातला पक्षी ठेवून तो जगतो की मरतो ते बघायचं, अशीही एक पद्धत काही जण वापरतात. मला ती मान्य नाही. तो पक्षीही जीवच आहे, आणि सूक्ष्मदर्शक उपलब्ध असताना त्याची गरजही नाही.

आपले हात आणि कपडे

खोल्या वेगळ्या, भांडी वेगळी, पण हात तेच असतात, आणि घसरतं ते इथेच. रोज आधी जुन्या पक्ष्यांचं सगळं आवरायचं, शेवटी नव्यांचं. उलटं कधीच नाही. नव्यांच्या खोलीत एक जुना सदरा खुंटीला टांगून ठेवा, आत जाताना चढवा, बाहेर येताना तिथेच काढा, आणि साबणाने हात धुवा. नव्यांकडे गेल्यावर आठवलं की जुन्यांच्या पाण्यात काहीतरी पडलंय, तर आधी आंघोळ, मग तिकडे. महिनाभराचा प्रश्न आहे. साल्मोनेलासारखे काही जंतू माणसालाही लागतात, म्हणून लहान मुलांना खोलीत एकटं सोडू नका.

भांडी आधी साबणाने घासून घ्या, मळ असताना जंतुनाशकाचा उपयोग होत नाही. मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी, दहा मिनिटं बुडवून, भरपूर धुऊन, पूर्ण वाळवून. कॉक्सिडियाच्या पुट्या ब्लीचला दाद देत नाहीत, त्यांना उकळतं पाणी किंवा वाफ लागते. ब्लीचमध्ये अमोनिया असलेलं दुसरं काही कधीही मिसळू नका, तो वायू आपल्यालाही घातक आहे.

मध्येच कुणी आजारी पडलं तर

पहिली गरज ऊब. छोट्या पिंजऱ्याच्या एका टोकाला उष्णता द्या, तिथे साधारण ३० अंश राहू द्या, दुसरं टोक थंड ठेवा म्हणजे जास्त झालं तर पक्षी सरकू शकेल. दाणा-पाणी अगदी चोचीसमोर. मग डॉक्टर. मादी तळाला फुगून बसली असेल आणि पोटाखाली फुगवटा असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी सकाळपर्यंत थांबू नका.

पक्षी गेला तर लगेच पुरून टाकू नका. पिसं पाण्याने भिजवून, पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, कारण गोठल्यावर आतले अवयव तपासणीच्या कामाचे राहत नाहीत. दुसऱ्या दिवसाच्या आत डॉक्टरांकडे न्या. मन होत नाही, हे मला माहीत आहे. पण तो कशाने गेला हे कळलं तर त्याचा जोडीदार वाचू शकतो.

आजार निघाला आणि उपचार झाले, तर दिवस पुन्हा एकपासून मोजायचे: शेवटचं औषध दिल्यापासून ३०. मधेच आणखी नवा पक्षी त्या पिंजऱ्यात आला तरीही पुन्हा एक. सगळ्यांचा महिना एकत्र संपला पाहिजे.

महिना संपल्यावर

वजन स्थिर, दोन्ही तपासण्या स्वच्छ, रात्रीचे श्वास शांत, तर नव्यांचा पिंजरा जुन्यांच्या खोलीत आणा, पण अजून दार उघडू नका. आठवडाभर पिंजरे शेजारी शेजारी राहू द्या. एकमेकांना बघतील, हाका देतील, कोण दांडगा आहे ते तारांआडून ठरेल. मग एका सकाळी, तुम्ही दिवसभर घरी असाल असा दिवस बघून, एकत्र सोडा. मोठ्या पिंजऱ्यातल्या दांड्यांची जागा आदल्या रात्री बदलून ठेवा, म्हणजे जुन्यांनाही तो थोडा नवा वाटतो आणि जागेवरून भांडणं कमी होतात. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन ठिकाणी लावा. दिवसअखेर नव्या पक्ष्याला भांड्यापाशी उभं राहून सोलून खाताना स्वतः बघितल्याशिवाय दिवा मालवू नका.

वही मात्र आणखी दोन आठवडे चालू ठेवा, आणि त्यात आता जुन्यांचीही वजनं लिहा. नव्यांनी आणलेलं काही आपल्या नजरेतून सुटलं असेल, तर ते आधी जुन्यांच्या वजनात दिसेल.

रिकामा झालेला पिंजरा उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा, लाकडी दांड्या फेकून द्या, आणि तो लाल पट्ट्यांसकट बाजूला ठेवून द्या. पुढे घरातलाच एखादा पक्षी आजारी पडला तर पहिल्या तासात लागणार आहे तो हाच.